तिसरा वाटा

'अंदाज' हा शब्द आपल्या बोलण्यात उगीचच हलका झाला आहे. ज्याला काही ठाऊक नाही तो अंदाज करतो आणि ज्याला ठाऊक आहे तो हिशेब मांडतो, अशी आपली एक समजूत असते. 'अंदाजपंचे दाहोदरसे' हा वाक्प्रचार तर त्या बिचाऱ्या शब्दाची उरलीसुरली अब्रू घेण्याकरिताच जन्मास आला असावा. वास्तविक साऱ्या राज्याचा जमाखर्च ज्या कागदावर मांडतात त्यास आपण अंदाजपत्रकच म्हणतो. आणि पाहुणे किती येतील हे नक्की ठाऊक नसताना भाताचे आधण ठेवणारी गृहिणी जे काही करीत असते, तेही अंदाजाहून निराळे नसते. तिच्या मापट्यात जेवणाऱ्यांची संख्या असते, त्यांच्या भुका असतात आणि आयत्या वेळी दारात उभ्या राहणाऱ्या एखाद्या आगंतुकाचा घासही असतो. हिशेब फार तर पहिल्या गोष्टीपर्यंत पोहोचतो. पुढच्या दोन्ही अंदाजाच्या.

शाळेत गणित शिकविण्यात माझे सारे आयुष्य गेले. परंतु हिशेब जेथे संपतो तेथून अंदाज सुरू होतो, या गोष्टीचा खरा प्रत्यय मला निवृत्तीनंतर आणि तोही एका यंत्रनौकेच्या निमित्ताने आला. ठाण्यास राहणाऱ्या माझ्या भाच्याने दोन मित्रांच्या भागीत एक जुनी नौका विकत घेतली. लांबी चाळीस फूट, पाण्याच्या रेषेवर मोजली तर छत्तीस. पोटात प्रत्येकी ६० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने आणि १५० लिटरची एक टाकी. तिच्या आगमनानंतर पहिला बेत ठरला तो असा, की एका रविवारी वसईच्या मुखापासून निघून खाडीने थेट कल्याणपर्यंत यावे, दुर्गाडीच्या पायथ्याशी नांगर टाकावा आणि तसेच परत फिरावे. बरोबर सासुरवाडीची मंडळी व लहान मुले असावयाची होती. "मामा, डिझेल किती लागेल तेवढे काढून द्या," असे म्हणून त्याने कारखान्याचे छापील पत्रक माझ्यापुढे ठेवले.

त्याच्या मनात हिशेब अगदी सोपा होता. मोटारगाडीचे जसे एका लिटरला अमुक किलोमीटर, तसेच नौकेचेही असणार! परंतु रस्ता आणि पाणी यांत एक मोठाच भेद आहे. रस्ता जागच्या जागी पडून असतो; पाणी चालत असते. नौकेने पाण्यातून चार मैल कापले आणि तेवढ्या वेळात पाणीच दोन मैल मागे गेले, तर प्रवास दोनच मैलांचा झाला. तेल मात्र चार मैलांचे जळले. म्हणून नौकेचा खर्च मैलांवर न मोजता तासांवर मोजावा लागतो. आपल्याकडचा शेतकरी विहिरीवरच्या इंजिनाचे तेल असेच मोजीत आला आहे. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि पुढे त्याची इंजिने गावोगावच्या मळ्यांत धडधडू लागली. ती एका जागी पक्की बसविलेली असत, तेव्हा त्यांना मैल कुठून असणार? किती तास पाणी उपसले, एवढाच प्रश्न. गंमत अशी की, पाण्यावर पळणारे इंजिनही त्याच भाषेत बोलते.

तासाचा हिशेब मात्र कठीण नाही. डिझेल इंजिनास एक अश्वशक्ती एक तास पुरविण्यास सुमारे पाव किलोहून बऱ्याच कमी, म्हणजे लिटरच्या मापाने एक पंचमांश लिटर तेल लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास एवढी उष्णता साठविलेली असते; तीतील पावणेचारच्या आसपास पंख्याच्या आसास मिळते आणि उरलेली थंड करणाऱ्या पाण्यातून व धुराड्यातून निघून जाते. हा अपव्यय वाटेल खरा. परंतु १८९७ साली आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डीझेलच्या इंजिनाची परीक्षा झाली तेव्हा त्याने इंधनातील शेकडा सव्वीस भाग कामास लावून दाखविला आणि तेवढ्यावरच जाणकार थक्क झाले होते. कारण तोपर्यंतचे वाफेचे यंत्र त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचे. तात्पर्य, आमच्या नौकेची दोन्ही इंजिने मिळून १२० अश्वशक्ती. ती सर्वच्या सर्व खर्ची पडली तर तासास २४ लिटर तेल जाणार.

'सर्वच्या सर्व खर्ची पडली तर' या शब्दांतच सारी मेख आहे. पत्रकावर दोन वक्ररेषा काढलेल्या होत्या. वरची रेषा सांगते की, मिनिटास अमुक फेरे घेत असताना इंजिन जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकेल. खालची सांगते की, तेवढ्याच फेऱ्यांना पंखा प्रत्यक्षात किती शक्ती मागेल. पूर्ण वेगास, आमच्या इंजिनाच्या बाबतीत २,४०० फेऱ्यांस, दोन्ही रेषा एकमेकींस भेटतात; एरवी त्यांच्यात पुष्कळच अंतर असते. भाच्याने वरची रेषा वाचली होती आणि वेग कमी करूनही तेलात फारशी बचत होत नाही असा निष्कर्ष काढला होता. पण इंजिनाची ऐपत आणि पंख्याची मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मनुष्याची मिळकत पाहून त्याचा खर्च ठरविता येत नाही, तसाच हा प्रकार.

पंख्याची मागणी फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असा स्थूल नियम आहे. फेरे पाचांतील चार भाग, म्हणजे १,९२० केले तर शक्ती चार पंचमांश न राहता जवळजवळ निम्मी होते: १२० अश्वशक्तीऐवजी अवघी ६१, आणि तेल तासास २४ लिटरांऐवजी सुमारे १२.३. वेग मात्र ताशी नऊ सागरी मैलांवरून सव्वासातच्या घरात येतो, एवढेच. कल्याणपासून वसईच्या मुखापर्यंतचा वळणदार पल्ला हिशेबास सोपा म्हणून आपण २४ सागरी मैल धरू. पूर्ण वेगाने तो दोन तास चाळीस मिनिटांत संपेल आणि ६४ लिटर तेल खाईल. चार पंचमांश फेऱ्यांनी तीन तास वीस मिनिटे लागतील आणि ४१ लिटर पुरेल. चाळीस मिनिटे लवकर पोहोचण्याची किंमत २३ लिटर! घाईचा भाव इतक्या स्पष्ट आकड्यांत मांडलेला मी तरी दुसरीकडे कोठे पाहिला नाही.

याचे कारण इंजिनात नाही, पाण्यात आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे एक लांब हौद बांधून त्यात नौकांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. चालणारी नौका आपल्या नाळेपाशी एक लाट उठविते; वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते आणि अखेर नौकेच्या लांबीइतकी होते. मग नौकेची स्थिती मोठी चमत्कारिक होते: पुढचा भाग लाटेच्या माथ्यावर, मागचा खळग्यात, आणि स्वतःच उभारलेला डोंगर स्वतःच चढण्याचा प्रयत्न! पाण्यावरच्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणले की या मर्यादेचा वेग मिळतो. छत्तिसाचे वर्गमूळ सहा. म्हणजे आमच्या नौकेस ताशी आठ मैल. त्यापुढचा प्रत्येक अर्धा मैल म्हणजे केवळ लाटा उंच करण्याचा उद्योग. सपाट तळाच्या हलक्या, वेगवान नौका भरपूर शक्तीच्या जोरावर लाट ओलांडून पाण्याच्या पाठीवरून सरपटत जातात. पण भरल्या पोटाच्या आमच्या नौकेस ते साधण्यासारखे नव्हते.

येथवर सारे गणित झाले, आणि भाच्याला वाटले की आपले काम आटोपले. जाऊन येऊन ८२ लिटर. टाकी १५० लिटरची. मग चिंता कसली? परंतु मी उत्तनच्या एका तांडेलास ओळखतो. वयाने मजहून थोडा वडील, आणि खाडी व समुद्र या दोहोंवर आयुष्य काढलेला. त्याजकडे हा कागद घेऊन गेलो तेव्हा त्याने आकड्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. "मास्तर," तो म्हणाला, "निघायची तिथी कोणती?"

हा प्रश्न मला फार आवडला. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा ते बाराच्या आगेमागे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागून. तेव्हा रोज पाऊण तास मिळविणारा हा ठोकताळा छापील कोष्टकाच्या फार दूर जात नाही. आमचा रविवार शुद्ध त्रयोदशीचा. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे मंडळी दहा वाजता निघणार, ती नेमकी भरती पुरी होऊन ओहोटी लागत असताना! शिवाय पौर्णिमा जवळ, उधाणाचे दिवस. उल्हास नदीच्या खोऱ्याचे आणि वसईच्या खाडीचे सारे पाणी मुखाकडे धावत सुटणार आणि आमची नौका त्याच्या तोंडावर आत चढणार.

पाण्याची उलटी ओढ ताशी दोन मैल धरली. सव्वासातमधून दोन वजा जाता जमिनीवरचा वेग उरला सुमारे सव्वापाच. पल्ल्यास तास लागले साडेचारांहून अधिक आणि तेल झाले ५७ लिटर. तेच पाणी पाठीशी असते तर वेग सव्वानऊ, वेळ अडीच तासांहून थोडा अधिक आणि तेल ३२. नौका तीच, इंजिने तीच, फेरेही तेच; फरक केवळ निघण्याच्या वेळेचा, आणि खर्च जवळजवळ दुप्पट. "मग जरा जोरात हाकू," हा भाच्याचा तोडगा. तोही मांडून पाहिला: पूर्ण वेगाने उलट्या पाण्यात ८२ लिटर, म्हणजे टाकीचा निम्म्याहून अधिक भाग एका बाजूच्या प्रवासातच संपला! उलटपक्षी अगदी मंद जावे, तर पाण्याची ओढच निम्मा वेग गिळून टाकते. संथपणाचाही अतिरेक करून चालत नाही.

तांडेलाचा दुसरा प्रश्न टाकीविषयी होता. तीत काठी बुडवून तेल पाहण्याची रीत सर्वत्र आहे. पण टाकी नौकेच्या कुशीत बसविलेली, तळाशी निमुळती होत गेलेली. काठी अर्धी भिजली म्हणजे अर्धे तेल आहे असे नव्हे. ते पुष्कळच कमी असते. त्यातूनही अगदी तळचे तेल आपले नसतेच. वर्षानुवर्षांचा गाळ आणि पाणी तेथे साचलेले असते. शांत खाडीत ते निजून राहते. बाहेर लाटा लागल्या की ढवळून वर येते आणि गाळणीत अडकते. त्याच्या ओळखीच्या एका नौकेचे इंजिन असे वीतभर तेल शिल्लक असताना बंद पडले होते. नांगर धरला म्हणून माणसे वाचली. सारी रात्र मात्र उजाडण्याची वाट पाहण्यात गेली. इंजिन दगा देते ते बहुधा वारा-पाणी खवळलेले असतानाच, याचे कारण नशीब नसून टाकीचा तळ आहे, हे त्याने मला इतक्या साध्या शब्दांत समजाविले की शाळेत असा एखादा धडा असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

म्हणून त्याचा नियम असा: तेलाचे तीन वाटे करावे. एक जाण्याचा, एक येण्याचा आणि तिसरा कोणाचाच नव्हे. हाच नियम सातासमुद्रांपलीकडचे नाविकही पाळतात. ऐकताना तो भित्र्या माणसाचा वाटतो. परंतु ज्या घरात हा नियम चालतो त्या घराकडे पाहावे. मच्छीमारीच्या अनेक नौकांवर प्रथम डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो आणि उरेल त्याचे मालक व खलाशी यांच्यात वाटे पडतात. सहकारी संस्थांच्या नौकांस डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सरकार देते, तोही ठरलेल्या मर्यादेपुरता. तेव्हा उलट्या पाण्यात वाया गेलेला प्रत्येक लिटर कोणाच्या तरी ताटातून जात असतो. काटकसर कशी करावी हे त्यांना कोणी शिकवावयास नको. असे असूनही ही माणसे तिसऱ्या वाट्यास हात लावीत नाहीत. बचत आणि शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: बचत आपण आपल्याकरिता करतो, शिल्लक जे येईल असे ठाऊक नाही त्याच्याकरिता ठेवतो.

आता १५० लिटरचे तीन वाटे ५० लिटरचे. उलट्या पाण्यातील ५७ लिटर पहिल्या वाट्यात बसत नव्हते. एवढ्या एका ओळीने त्या रविवारचा निकाल लागला. घरात थोडी नाराजी झाली. सासुरवाडीस दिलेला शब्द पंचांग पाहून बदलावा लागला, आणि तोही लग्नमुंजीकरिता नव्हे तर डिझेलकरिता, याचा कित्येकांस अचंबा वाटला. एक आठवडा पुढे गेल्यावर वद्य पंचमी आली. भरती पावणेचारास, म्हणजे साडेनऊच्या सुमारास ओहोटी संपून पाणी आत वळणार, आणि दहाची वेळ आपोआप शुभ ठरणार! त्यातही एक सोय अशी की, भरतीचे पाणी मुखाशी आधी आणि कल्याणास मागाहून चढते. त्यामुळे आत जाणारा त्या पाण्याच्या सोबतीने जातो आणि त्यास अनुकूल ओढ अधिक वेळ लाभते. बाहेर येणाऱ्यास ती तितकी लाभत नाही. शिवाय चढत्या पाण्यात तळ गाळास टेकला तरी घटकाभराने नौका आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकला तर पुढच्या भरतीपर्यंत तेथेच मुक्काम. तेव्हा जाण्याचे ३६ आणि येण्याचे ३९ असे ७५ लिटर मी कागदावर लिहिले.

तो प्रवास झाला. घोडबंदर मागे पडले, आमच्या डोंबिवलीचा किनारा गेला आणि दुपारी एकच्या सुमारास दुर्गाडी दिसू लागली. पेरिप्लसच्या ग्रीक कर्त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्या बंदराची नोंद केली, जेथे १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी आरमाराकडे लक्ष वळविले, त्या बंदरास शतकानुशतके जी गलबते आली ती तेलावाचून आली. शीड, वल्हे आणि तिथी यांवर त्यांचा सारा व्यवहार. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणास पोहोचली आणि पुढे हळूहळू खाडीचे महत्त्व ओसरले. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरांचा जलमार्ग क्रमांक ५३ चा राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. उद्या या वाटेने उतारूंच्या नौका चालू लागल्या तर त्यांच्याही व्यवस्थापकांस तेलाचे कोष्टक आणि भरतीचे कोष्टक शेजारी शेजारी ठेवूनच गाड्यांसारखे वेळापत्रक आखावे लागेल. आणि लोकलच्या घड्याळाशी चंद्राचे घड्याळ जुळत नाही, हे उतारूंस पटवावे लागेल.

ओहोटी लागेपर्यंत अंधार पडणार होता. म्हणून सासुरवाडीची मंडळी कल्याणाहून लोकलने परत गेली. नौका रात्रभर तेथेच राहिली आणि सोमवारी सकाळी उतरत्या पाण्याबरोबर खाली आली. टाकी पुन्हा काठोकाठ भरली तेव्हा ८१ लिटर लागले. माझ्या अंदाजाहून सहा अधिक. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले, वळणावर केलेला संथपणा, किनाऱ्याशी उभे असताना उगीच चालू ठेवलेले इंजिन, अशा अनेकांनी मिळून ते सहा लिटर घेतले. भाच्याने आता एक वही घातली आहे: भरून निघावे, तास लिहावेत, फेरे लिहावेत, तिथी लिहावी, परत भरावे आणि किती मावले ते लिहावे. अशा दहा-बारा प्रवासांनंतर त्या वहीत जो आकडा उतरेल तो कारखान्याच्या पत्रकाहून अधिक विश्वासाचा असेल, कारण तो या नौकेचा आणि या खाडीचा असेल.

टाकीत त्या दिवशी ६९ लिटर उरले होते. "एवढे उगीच वाहून नेले," असे भाचा म्हणाला, आणि त्याचे म्हणणे एका अर्थाने खरेही होते. त्या तेलाने एक मैलसुद्धा नौका पुढे ढकलली नव्हती. पण मुले टपावर बसून बगळे मोजीत होती, त्यांची आई मधून मधून काठावर हात धरून उभी राहत होती, आणि इंजिनाच्या आवाजात थोडा बदल झाला तरी तिच्या कपाळावर आठी उमटत नव्हती. ती निश्चिंती त्याच ६९ लिटरांची होती. तांडेलाच्या तिसऱ्या वाट्याचा उपयोग तो न वापरण्यातच आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील पेन्शनीतून, धान्याच्या कणगीतून किंवा पेटीच्या तळाशी ठेवलेल्या दोन पाटल्यांतून हेच करीत आले, हे त्या दोन दिवसांत मला वारंवार आठवले. ती ठेव मोडली गेली नाही म्हणून ती व्यर्थ होती, असे आमच्या घरात तरी आजपावेतो कोणी म्हटलेले नाही.